वीज कुठवर आली?

संगणक बंद पडला की लोक एकच वाक्य बोलतात: "चालू होत नाहीये." पण बंद पडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. एखाद्याचं बटण दाबलं तर आत काहीच हलत नाही. एखाद्याचा पंखा अर्धा वळसा घेतो आणि थांबतो. कुणाचे सगळे पंखे जोरात फिरतात, पुढचा दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो. कुणाच्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं आणि पुढे काही नाही. दुरुस्ती करणारे यातल्या पहिल्याला 'डेड' म्हणतात, तिसऱ्याला 'नो डिस्प्ले'. ही दुखणी वेगळी, त्यांच्या जागा वेगळ्या आणि त्यांचा खर्चही वेगळा. म्हणून कुणाचा फोन आला की मी आधी एवढंच सांगतो, "बटण दाबा, काय काय होतं ते नीट बघा, कान लावून ऐका, आणि मग मला सांगा." काहीच होत नाही असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या यंत्रातही पुष्कळदा काहीतरी होत असतं. एखादा बारीक हिरवा दिवा लागलेला असतो, एखादी टिकटिक येत असते. तिथून धागा हाती लागतो.

मी इंजिनिअर नाही. दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. शाळेत संगणक आले तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली, आणि मग हळूहळू गावातले, शेजारच्या वाड्यांवरचे संगणकही माझ्या टेबलावर येऊ लागले. पतपेढीतला, लग्नपत्रिका छापणाऱ्याचा, मुलगा मुंबईला असलेल्या काकूंचा. इतकी यंत्रं उघडून माझं एक मत पक्कं झालं आहे. यंत्र सहसा मरत नाही. वीज कुठेतरी एका जागी अडते. त्या जागेच्या अलीकडचं सगळं ठीक असतं आणि पलीकडचंही बहुतेक सगळं धडधाकट असतं. ती जागा शोधायची तर उगमापासून चालत यावं लागतं.

हे चालत येणं मी आमच्या वाडीत शिकलो. माड-पोफळीच्या वाडीला पऱ्ह्यावर बांध घालून आणलेलं पाटाचं पाणी होतं. शेवटच्या पोफळीच्या आळ्यात पाणी आलं नाही, तर आजोबा त्या आळ्याशी उभे राहून तर्क लढवत नसत. ते थेट बांधापाशी जात आणि पाटाच्या कडेकडेने खाली येत. एका जागी पाणी काठोकाठ, चार पावलांवर पाट कोरडा. मध्ये वाकून बघितलं की खेकड्याचं बीळ सापडे. मातीचा गोळा दाबून बसवला की काम झालं. पाणी जिथवर आलं आहे तिथवर पाट ठीक आहे, एवढंच त्यांचं गणित. बंद संगणकासाठी याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

तेव्हा सुरुवात भिंतीपासून. अनेकांना हा सल्ला कमीपणाचा वाटतो. "प्लग लावलेला आहे हो सर," असं जरा दुखावून सांगतात. पण सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सैल होतात, खाऱ्या हवेत त्यांवर हिरवट थर चढतो. मोबाइलचा चार्जर लावून "वीज आहे" असं ठरवू नये. चार्जर इतका थोडा प्रवाह घेतो की गंजलेल्या सॉकेटवरही तो चालतो. तिथे इस्त्री लावून बघावी. मग एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढावा, यूपीएसही. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, आणि दमलेल्या बॅटरीचे काही यूपीएस भिंतीत वीज असूनही पुढे काही देत नाहीत. संगणक एकदा थेट भिंतीला लावला की हा संशय फिटतो. नंतर केबल. मॉनिटरची आणि कॅबिनेटची केबल बहुधा एकाच जातीची असते, त्यामुळे अदलाबदल करून बघायला पैसाही लागत नाही. आणि कॅबिनेटच्या मागे, वीजपुरवठ्याच्या डब्यावर, एक छोटा खटका असतो. गणपतीच्या आधीची साफसफाई झाली की तो शून्याकडे पडलेला मला हमखास सापडतो. जुन्या डब्यांवर शेजारी एक लाल खटका असे, ११५ आणि २३० व्होल्ट निवडायचा. त्याला कुणीही हात लावू नये. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. तो ११५ वर सरकवून प्लग लावला तर आत स्फोटासारखा आवाज होतो आणि डबा कायमचा जातो.

त्या डब्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. इथपर्यंतचा भाग कुणालाही तपासता येतो. इथून पुढे मात्र एक गोष्ट माहीत नसेल तर माणूस चाचपडतो. ती अशी, की आपण दाबतो ते बटण वीज चालू करतच नाही. पूर्वीच्या संगणकांत तसं होतं. पुढचं बटण म्हणजे जाडजूड खटका, त्यातून थेट घरातली वीज जायची, आणि काम संपल्यावर पडद्यावर सूचना यायची की आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आपण हाताने तो बंद करायचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे चित्र पालटलं. तेव्हापासून प्लग लावलेला आणि मागचा खटका चालू असलेला संगणक कधीच पूर्ण बंद नसतो. एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे जाणाऱ्या जाड जुडग्यात एक जांभळी वायर असते. तिच्यात सतत ५ व्होल्ट असतात. त्या थोड्याशा विजेवर बोर्डाचा एक कोपरा जागा राहतो. बटण दाबलं की दोन बारीक पिना क्षणभर जोडल्या जातात आणि त्या जाग्या कोपऱ्याला निरोप पोचतो. तो हिरव्या वायरीचा दाब खाली ओढतो. एसएमपीएसला ती खूण कळते आणि मग पिवळ्या वायरीत १२, लाल वायरीत ५ आणि नारिंगी वायरीत ३.३ व्होल्ट सोडले जातात. हे दाब स्थिर झाले की करड्या वायरीतून उलटा निरोप जातो, की आता सगळं ठीक आहे. तो मिळेपर्यंत प्रोसेसरला अडवून ठेवलेलं असतं. सेकंदाच्या एका अंशात हे सगळं घडतं.

हा सवाल-जवाब मला फार आवडतो. यंत्र कुणाच्या तरी होकाराशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही. आणि तो कळला की शोधण्याच्या जागा आपोआप समोर येतात. मल्टिमीटरचं काळं टोक काळ्या वायरीला, लाल टोक जांभळ्या वायरीला. ५ व्होल्टच्या आसपास दाखवतोय? म्हणजे वीज बोर्डाच्या उंबऱ्यापर्यंत आली. भिंत, केबल आणि डब्याचा निदान एक भाग यांच्यावरचा संशय गेला. मग समोरचं बटण. त्याच्या दोन पिनांवरची टोपी काढायची आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या पिना क्षणभर जोडायच्या. यंत्र सुरू झालं तर दोष नुसत्या बटणाचा. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. बटणामागची स्प्रिंग गंजते आणि बटण आतच अडकून बसतं. बटण साधारण ४ सेकंद दाबून ठेवलं की संगणक जबरदस्तीने बंद होतो, ही सोय आहे, त्यामुळे अडकलेल्या बटणाचं यंत्र सुरू होतं आणि चार-पाच सेकंदांत बंद पडतं. मालकाला वाटतं, आत काहीतरी जळतंय.

एसएमपीएसची परीक्षा घ्यायची तर त्याचं जुडगं बोर्डातून काढून, सरळ केलेल्या एका कागदी क्लिपने हिरवी आणि काळी वायर जोडायची, मग मागचा खटका चालू करायचा. पंखा फिरला तर डबा जिवंत आहे. पण एवढ्यावर त्याला पूर्ण निर्दोष ठरवू नये. मोकळा असताना जो १२ व्होल्ट देतो तो भार पडल्यावर १० वर कोसळू शकतो. १२ च्या जागी ११.४ ते १२.६ एवढीच मुभा असते. त्यामुळे कागदी क्लिपवर फिरणारा पंखा दाखवून "एसएमपीएस ओके" म्हणणाऱ्या मेकॅनिकवर माझा विश्वास बसत नाही. दुसरा, चांगला चालणारा एसएमपीएस लावून बघणं हाच खरा निकाल.

पंखे फिरतात पण पडदा काळा, अशा वेळी वीज बरीच पुढे आलेली असते. इथे सगळ्यात साधी जागा म्हणजे रॅम. तिच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. पातळसा सोन्याचा मुलामा, पण दमट हवेत त्यावर काळपट साय धरते. रॅम काढायची, शाळेतल्या मुलाचं साधं खोडरबर घेऊन त्या पट्ट्या हलक्या हाताने एकाच दिशेने पुसायच्या, चुरा झटकायचा आणि रॅम पुन्हा बसवायची. खटका बसल्याचा 'कट्' असा आवाज ऐकू आला पाहिजे. पावसाळ्यात माझ्याकडे येणारे कितीतरी 'नो डिस्प्ले' एवढ्यावर परत गेले आहेत. तेवढ्याने भागलं नाही तर एकेक गोष्ट काढत जायची. ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, यूएसबीला लावलेलं सगळं. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी एवढंच उरलं आणि यंत्र बोललं, म्हणजे 'बीप' झालं, तर दोष काढून ठेवलेल्यांपैकी कुणात तरी आहे. त्या आवाजाला अर्थ असतो. सुरू होताना संगणक आधी स्वतःला तपासतो, आणि पडदा अजून हाती आलेला नसल्यामुळे तक्रार शिट्ट्यांनी सांगतो. लांब, आखूड, किती वेळा, याचे संकेत प्रत्येक बनावटीचे वेगळे. अलीकडच्या बोर्डांवर स्पीकरच नसतो. काहींवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात. मला तो दहा-वीस रुपयांचा स्पीकर नसल्याचं वाईट वाटतं. अडलेल्या यंत्राचा आवाजच त्यामुळे गेला.

हे सगळीकडे सारखंच. पण कोकणात यंत्राला आणखी काही सोसावं लागतं. मुंग्यांना ऊब आवडते, आणि जांभळ्या वायरीमुळे कॅबिनेट रात्रीही किंचित उबदार असतं. एसएमपीएसच्या जाळीतून पाल आत शिरते आणि दोन टोकांना एकदम चिकटते. पाल जाते आणि डबाही. मे महिन्याच्या अखेरीस वळिवाच्या वेळी वीज कडाडते तेव्हा लोक प्लग काढतात, पण फोनच्या किंवा इंटरनेटच्या तारेकडे कुणाचं लक्ष नसतं. ती तार दूरवरच्या खांबावरून येते आणि आकाशातला तडाखा तिच्यातून थेट बोर्डात उतरतो. आणि अर्थिंग! जांभ्या दगडात खड्डा खणून मीठ-कोळसा भरायचा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं, हे काम नव्या घरांत सर्रास टाळलं जातं. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या गाळणीच्या कॅपॅसिटरांमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर घरच्या विजेचा साधारण निम्मा दाब चढून बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, हाताला नुसत्या झिणझिण्या येतात, म्हणून लोक चप्पल घालून काम करतात आणि विषय संपवतात. तो विषय चपलेवर संपवू नये. त्याच झिणझिण्या बोर्डालाही सोसाव्या लागतात.

काल रात्री उत्तम चालू असलेलं यंत्र आज सकाळी का सुरू होत नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर हे, की सुरू होण्याचा क्षण यंत्रासाठी सगळ्यात कठीण असतो. घरातला साधा पिवळा बल्बसुद्धा बहुतेक वेळा खटका दाबतानाच जायचा. थंड यंत्र पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतं. ही गोष्ट संगणकाच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे. सुरुवातीला त्यातले काही रोज जायचे, आणि ते जाण्याची खरी वेळ यंत्र तापताना किंवा निवताना असायची. तेव्हा त्या लोकांनी यंत्र बंदच करायचं नाही असं ठरवलं. ॲबर्डीनला हलवल्यानंतर १९४७ च्या जुलैपासून १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंत ते जवळजवळ सतत चालू ठेवलं गेलं.

सतत चाललेलं यंत्र एकदा थंड झालं की पुन्हा उठत नाही, हे मी आमच्याकडे डोळ्यांनी पाहिलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ती परत आली तेव्हा वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले संगणक मुके झाले होते. वादळाचा थेंबही त्यांना लागला नव्हता. एसएमपीएसला सुरुवातीचा धक्का देणारा एक छोटा कॅपॅसिटर असतो. तो कधीचा सुकत आलेला असतो, पण डबा सतत विजेवर आणि उबदार असल्यामुळे कसंबसं निभत असतं. एकदा पूर्ण थंड झाला की त्याच्यात उभं राहण्याची ताकद उरत नाही. असे डबे दुरुस्त होतात. लोकांना मात्र "वादळात गेला" असं सांगून नवे संगणक विकले गेले, आणि तेही अशा वेळी, जेव्हा छपरावर पत्रे घालायलाही पैसे नव्हते. याची मला अजून चीड येते.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही काहीजण मदतीला गेलो. दुकानादुकानांतून चिखलाने भरलेली कॅबिनेटं रस्त्यावर मांडलेली होती. तिथे जीव तोडून एकच गोष्ट सांगत फिरलो: लावून बघू नका. पाण्यात बुडालेला, पण वीज नसलेला बोर्ड बऱ्याचदा वाचतो. त्याला मारतो तो "चालतंय का बघू" हा उतावळेपणा. ओल्या बोर्डात वीज सोडली की गाळातल्या क्षारांतून ती नको तिथे वाहते आणि तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकते. प्लग लावलेला नसला तरी बोर्डावर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, घड्याळ चालवणारा. तोसुद्धा ओल्या बोर्डाला आतून पोखरत राहतो, म्हणून सगळ्यात आधी तो काढायचा. मग बोर्ड स्वच्छ पाण्याने धुवायचा. हो, पाण्यानेच. शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा, आणि मग सावलीत, पंख्याखाली चांगले काही दिवस वाळवायचा. एका स्टेशनरी दुकानातल्या ताईंनी ऐकलं. त्यांचा बोर्ड सुरू झाला. शेजारच्या दुकानात आम्ही पोचण्याआधीच जनरेटरवर लावून पाहिलं होतं. तो बोर्ड गेला. दोन्ही यंत्रं एकाच पाण्यात, सारखीच बुडाली होती.

आता बुवांच्या संगणकाविषयी सांगतो. आमच्या भागात जाखडी चालते. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहून गाण्यातून सवाल-जवाब करतात. बुवा तुऱ्याचे शाहीर. त्यांची गाणी वह्यांत होती. भाचा डीटीपीचं काम करायचा, त्याने ती सगळी संगणकावर उतरवली आणि वह्या नंतर वाळवीने खाल्ल्या. भाचा आखातात गेला, संगणक बुवांच्या माजघरात राहिला. तो आधी बटण दोन-तीन वेळा दाबल्यावर सुरू व्हायचा, मग पाच-सहा वेळा, आणि एके दिवशी पंखा अर्धा वळसा घेऊन थांबू लागला. तालुक्याच्या दुकानात निकाल मिळाला: मदरबोर्ड उडाला, तसा आता मिळत नाही, नवा घ्या, हार्ड डिस्क त्यात जोडून देतो.

हार्ड डिस्क जोडून भागणार नव्हतं. गाणी युनिकोडच्या आधीच्या मराठी टंकात होती. तो टंक नसेल तर गाण्याच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि टंकाच्या सॉफ्टवेअरला 'लॉक' होतं, कॅबिनेटच्या मागच्या रुंद पॅरलल पोर्टमध्ये खोचलेलं. नव्या संगणकांना तो पोर्टच नाही. म्हणजे हेच यंत्र, निदान एकदा, उभं राहायला हवं होतं.

जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट होते. दुसरा एसएमपीएस लावला, तरी पंख्याचा तोच अर्धा वळसा. म्हणजे वीज उंबऱ्यावरून आत येत होती आणि कुणीतरी तिला लगेच परतवत होतं. मी बोर्ड खिडकीशी नेला आणि टॉर्च आडवा धरून प्रोसेसरच्या भोवतीचे कॅपॅसिटर बघितले. अ‍ॅल्युमिनियमची ती बुटकी नळकांडी, डोक्यावर फुलीसारखी खाच असलेली. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं ताटासारखं सपाट असतं आणि त्यात टॉर्चचा उजेड एकसंध दिसतो. इथे एका रांगेतल्या चौघांची डोकी फुगून वर आली होती आणि एकाच्या खाचेतून तपकिरी खपली बाहेर येऊन वाळली होती. हा आजार २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर पसरला होता. आतल्या द्रवात दोष होता. तापला की त्यातून वायू सुटे, आणि तो वायू डोकं फोडे. डोक्यावरची खाच त्यासाठीच ठेवलेली असते, की फुटायचंच तर वरच्या बाजूने फुटावं. हे कॅपॅसिटर प्रोसेसरला जाणारी वीज शांत, सपाट करतात. ते गेले की प्रोसेसरला मिळणारी वीज खडबडीत होते आणि बोर्ड स्वतःच्या रक्षणासाठी पुरवठा तोडतो. दुकानदाराने ज्याला 'उडाला' म्हटलं तो बोर्ड खरं तर स्वतःला वाचवत होता.

दापोलीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. मदरबोर्डावर सोल्डरिंग करणं रेडिओसारखं सोपं नाही. आत तांब्याचे थर असतात, ते सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता पिऊन टाकतात. काकांनी मोठं, ६० वॅटचं आयर्न घेतलं. एका हाताने कॅपॅसिटर हलकेच एका कुशीवर झुकवायचा, मग दुसऱ्या, असं करत ते एकेक पाय मोकळा करत होते. भोकात अडकलेलं शिसं गरम असतानाच दात कोरायच्या काडीने बाहेर काढलं. नवे कॅपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅराडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, आणि १०५ अंश तापमान सोसणारेच हवेत, यावर ते अडून बसले. "८५ वाले स्वस्त आहेत, पण मग पुढच्या वर्षी बुवांना परत यावं लागेल," म्हणाले. अंगावरच्या पांढऱ्या पट्टीकडचा पाय ऋण टोकाला, हे प्रत्येक वेळी बोट ठेवून तपासलं. सगळ्या कॅपॅसिटरांचे मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत.

बटण दाबलं. पंखा पूर्ण फिरला, एक आखूड बीप झाला आणि पडद्यावर अक्षरं आली. घड्याळाचा सेल संपलेला होता, त्यामुळे संगणक तारीख कितीतरी वर्षं मागची दाखवत होता. ती दुरुस्त केली. गाणी उघडली. सगळ्यात आधी एकूणएक गाण्याची पीडीएफ केली, म्हणजे अक्षरांचे आकार कागदावर छापल्यासारखे पक्के झाले, टंक असो वा नसो. नंतर शाळेतल्या मुलींनी ती बघून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली, आणि करताना काही पाठही झाली. बुवांनी दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून त्यातलं एक गाणं म्हणून दाखवलं.

बोर्ड बदला, मशीन बदला, असं सांगणं आता रूढ झालं आहे, आणि त्यामागची अडचण मला कळते. दुकानदाराला वेळ नाही, सुटे भाग मिळत नाहीत, तासभर शोध घेतल्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. पण न शोधता दिलेला निकाल मला मान्य नाही. वीज कुठवर येते आणि कुठे थांबते, एवढं सांगता आल्याशिवाय कुणी 'गेला' म्हणू नये. आणि शोध घेतल्याचे पैसे आपणही मनापासून द्यावेत. त्या काकांसारखी माणसं त्यावरच टिकतील.

तुमच्या माळ्यावर असा एखादा संगणक असेल, तर तो खाली काढा. ऊन असलेल्या दिवशी अंगणात कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने धूळ झाडा, कॅपॅसिटरांची डोकी बघा, रॅम पुसा, मग भिंतीपासून एकेक पाऊल पुढे या. प्रत्येक केबल काढण्याआधी मोबाइलने तिचा फोटो घ्या. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल परत लावायला विसरू नका, तिच्यावाचून पंखे फिरतात आणि पडदा येत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरांत ३०० व्होल्टच्या वर साठा राहिलेला असू शकतो, ते काम जाणकारांचं. आणि एवढं करूनही यंत्र उठलं नाही, तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवण्याआधी दोन-चार स्क्रू काढून हार्ड डिस्क घरात ठेवून घ्या. तिच्यात काय आहे ते आज आठवत नसलं, तरीही.